‘फुकट ऑडिट करून देतो’ म्हटलं की दुकानदार फोन का ठेवतो?

या वेळची बहुतेक पत्रं एकाच प्रकारच्या लोकांची आहेत. कुणी डिजिटल मार्केटिंगचा कोर्स केलाय, कुणी घरबसल्या शिकलंय, आणि आता आपल्या गावातल्या छोट्या व्यावसायिकांना ‘तुम्ही गूगलवर, मॅपवर कुठे दिसता’ हे तपासून दाखवायचं (यालाच ही मंडळी ‘ऑडिट’ म्हणतात) आणि त्यातून काम मिळवायचं असा बेत आहे. सारखे प्रश्न एकत्र केलेत, लांब पत्रं जरा कापलीत.

*ताई नमस्कार. मंगल कार्यालयं, लॉन्स आणि केटरर यांना मी व्हॉट्सॲपवर ऑडिट रिपोर्ट पाठवतो. एका टूलमधून काढतो, ३८ पानी असतो, स्कोअर, ग्राफ सगळं असतं त्यात. ब्लू टिक येते पण उत्तर येत नाही, आणि फोन केला तर ‘नको नको’ करून ठेवून देतात. फुकट देतोय तरी असं का?*
*— एक वाचक, नाशिक*

३८ पानं हेच कारण आहे हो. त्यात लिहिलेलं खोटं नसेल, पण लॉन्सच्या मालकाला ‘स्कीमा मार्कअप नाही, स्कोअर ४१’ वाचून काय कळणार, त्याला एवढंच कळतं की आपल्याला घाबरवायला परत कुणीतरी आलंय. परत म्हणते कारण ‘मी गूगलमधून बोलतोय, तुमची लिस्टिंग उद्या बंद होणार, रिन्यूअल भरा’ असले फोन या लोकांना वर्षानुवर्षं येतायत आणि कितीतरी जणांनी पैसे भरलेतही. खरं तर गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलवर आणि मॅपवर दुकानाचं नाव, फोन, वेळा, फोटो दिसतात ते पान, फुकट असतं, त्याला रिन्यूअल नावाचा प्रकारच नाही, आणि पैसे देऊन मॅपवरची जागा वर सरकत नाही असं गूगलच लिहून सांगतं (जाहिरात देता येते, पण तिच्यावर ‘स्पॉन्सर्ड’ लिहिलेलं असतं). तुमचा मेसेज मालकाच्या डोक्यात या फोनवाल्यांच्याच खात्यात जमा होतो. वर अनोळखी लोकांना पीडीएफ पाठवत राहिलात आणि बऱ्याच जणांनी रिपोर्ट केलं तर तुमचा व्हॉट्सॲप नंबरच बंद पडायचा.

टूल बाजूला ठेवा आणि गिऱ्हाईक होऊन बघा. समजा पंचवटीतल्या एका घरात डिसेंबरमधलं लग्न ठरलंय, ४०० माणसं, मुलीचे वडील फोन घेऊन बसलेत. ते काय टाकतील? ‘मंगल कार्यालय नाशिक’, ‘गंगापूर रोड लॉन्स’, मुलगी टाकेल ‘मॅरेज हॉल निअर मी’, आणि आजोबा माइकचं बटण दाबून मराठीत बोलतील, गूगलचं मराठी व्हॉइस टायपिंग २०१७ पासून आहे आणि वयस्कर मंडळी ते दणकून वापरतात. या सगळ्या पद्धतीने शोधा, देवनागरीत पण आणि इंग्रजी अक्षरात पण, कारण दोन्हीकडे वेगळी नावं वर येऊ शकतात. मॅपखाली जी तीन नावं दिसतात ती लिहून घ्या. पूर्वी तिथे सात असायची, ऑगस्ट २०१५ मध्ये गूगलने तीन केली, आणि चौथ्या नंबरवाल्याला तेव्हापासून ‘आणखी ठिकाणं’ या बटणामागे जाऊन बसावं लागतं.

आता तुमच्या लॉन्सवाल्याचं प्रोफाइल उघडा आणि सगळ्यात आधी कॅटेगरी बघा. मालकाच्या भाच्याने कधीतरी घाईत बनवलेलं असतं, त्याने ‘कम्युनिटी सेंटर’ निवडलेलं असतं आणि मग कुणालाच कळत नाही की आपण लग्नाच्या सर्चमध्ये का नाही. मुख्य कॅटेगरी एकच ठेवता येते, तिच्याशिवाय आणखी नऊ जोडता येतात. मुख्य जागी ‘वेडिंग व्हेन्यू’ आणि जोडीला ‘बँक्वेट हॉल’, ‘इव्हेंट व्हेन्यू’ असं काहीतरी. गूगल स्वतः तीन गोष्टी सांगतं: शोधलेल्या गोष्टीशी तुमचा संबंध किती, शोधणाऱ्यापासून तुम्ही किती लांब, आणि तुम्हाला लोक किती ओळखतात. यातली पहिली गोष्ट बऱ्यापैकी कॅटेगरीवर ठरते आणि दुरुस्त करायला पाच मिनिटं लागतात, म्हणून तिथून सुरुवात करायची.

मग पिन. लॉन्स असतात शहराबाहेर, हायवेला लागून, आणि पिन टाकलेली असते मालकाच्या मेन रोडवरच्या ऑफिसवर, नाहीतर लॉन्सच्या मागच्या कुंपणावर जिथून आत यायला रस्ताच नाही. आत जायचा रस्ता सर्व्हिस रोडवरून असतो आणि मॅप फ्लायओव्हरवर चढवतो, की पुढच्या यू-टर्नपर्यंत वऱ्हाड गेलंच. हे कुठलंच टूल सांगत नाही. गाडीवर बसा, डिरेक्शन लावा, जाऊन या. चुकलात तर जिथे चुकलात तिथला स्क्रीनशॉट काढा, तुमच्या रिपोर्टचं ते पहिलं पान, कारण मुहूर्ताच्या वेळी ‘अहो कुठून वळायचं’ म्हणून येणारे फोन मालकाने स्वतः घेतलेले असतात, त्याला समजावून सांगावं लागत नाही.

नंबर लावून बघा. जुन्या मॅनेजरचा लागतो का? वेबसाइटचं बटण दाबा. गूगलच बिझनेस प्रोफाइलवरून एक साधी फुकट वेबसाइट बनवून द्यायचं, शेवटी ‘बिझनेस डॉट साइट’ असलेली, ती सोय मार्च २०२४ मध्ये बंद झाली आणि थोडे महिने प्रोफाइलकडे वळवून मग ते पत्तेच उघडेनासे झाले. ज्यांनी तो पत्ता बोर्डावर, पत्रिकेवर, जस्टडायलवर दिला होता त्यांचा तो अजून तसाच आहे, आणि गिऱ्हाईक दाबतं तेव्हा कोरं पान येतं. मालकाला सहसा हे माहीत नसतं. फोटो बघा: पहिले दहा फोटो पाहुण्यांच्या सेल्फीचे असतात, नवरा-नवरी कुणाचे कोण, पण पंगतीचा हॉल केवढा, वधूपक्षाच्या खोल्या कशा, पार्किंग किती, जनरेटर आहे का, हे एकाही फोटोत नसतं, आणि मुलीच्या वडिलांना नेमकं तेच बघायचं असतं. रिव्ह्यूमध्ये ‘ऐन जेवणाच्या वेळी लाइट गेली’ अशी तक्रार असेल आणि मालकाने उत्तर दिलेलं नसेल तर ती नोंदवा, कारण पुढचं प्रत्येक गिऱ्हाईक ती वाचतंय.

एवढं सगळं बघून झालं की त्यातल्या तीनच गोष्टी निवडा. एक कागद. पीडीएफ पाठवू नका, जा. आणि जायची वेळ साधा: आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत बहुतेकांकडे मुहूर्त नसतात, मालक ऑफिसात निवांत असतो, रंगकाम, डागडुजी काढलेली असते, चहा विचारतो. मे महिन्यात त्याला मान वर करायला फुरसत नसते. शिवाय सीझनच्या तारखा आधीच बुक होत असतात, म्हणजे दुरुस्त्यांचा फायदा व्हायचा तर त्या याच काळात झाल्या पाहिजेत, आणि हे त्याला सांगितलं की तो लगेच ऐकतो कारण हा त्याच्या धंद्याचा हिशोब आहे.

समोर बसलात की तुमचा लॅपटॉप काढू नका. त्याच्याच फोनवर त्यालाच शोधायला सांगा. आणि एक दुरुस्ती, चुकीचा नंबर म्हणा किंवा वेळ म्हणा, तिथेच त्याच्याकडून करून घ्या, फुकट. सगळं शिकवलं तर तो स्वतःच करेल ही भीती बऱ्याच जणांना असते, मला ती पटत नाही. त्याला कळत नाही म्हणून तो पैसे देत नाही, त्याला दर महिन्याला फोटो टाकायला आणि रिव्ह्यूंना उत्तरं द्यायला वेळ नाही म्हणून देतो. आणि जे चांगलं आहे ते पण सांगा की, ‘काका तुमचे रिव्ह्यू शेजारच्यापेक्षा भारी आहेत, त्यात काही करायची गरज नाही’. त्या एका वाक्याने तुम्ही त्या फोनवाल्यांच्या खात्यातून बाहेर येता.

*राजारामपुरीत चष्म्याचं दुकान आहे, त्यांना मी सांगितलं की तुम्ही दिसत नाही. त्यांनी माझ्यासमोर फोनवर सर्च केलं आणि ते पहिल्या नंबरला आले! मी तोंड पाडून परत आलो. आता कुठल्या तोंडाने जाऊ?*
*— एक वाचक, कोल्हापूर*

त्याच तोंडाने जा, तुम्ही दोघंही बरोबर आहात. ते दुकानात बसून शोधतायत, दुकानापासून त्यांचं अंतर शून्य, मग पहिले येणारच ना. बऱ्याचदा तर मालक लोक दुकानाचं नावच टाकून शोधतात. नाव टाकणाऱ्याला दुकान आधीच माहीत आहे, आपल्याला ‘चष्मा’, ‘ऑप्टिशियन’, ‘नंबर तपासणी’ टाकणारा माणूस पाहिजे आणि तो कसबा बावड्यात किंवा फुलेवाडीत बसलेला असणार.

इन्कॉग्निटोमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या हिस्ट्री न वापरणाऱ्या खिडकीत उघडलं की खरा निकाल दिसतो असं कोर्समध्ये सांगतात, ते अर्धंच खरं. तुमची जुनी हिस्ट्री जाते, जागा जात नाही. गूगलच्या पानाच्या अगदी तळाशी जा, तो तुम्हाला कुठे बसलेले समजतोय ते तिथे लिहिलेलं असतं, आधी ते वाचायची सवय लावा. कम्प्युटरवर क्रोममध्ये डेव्हलपर टूल्स उघडा, तिथे ‘सेन्सर्स’ नावाचा भाग आहे, त्यात हव्या त्या जागेचे अक्षांश-रेखांश टाकता येतात, मग पान पुन्हा लोड करून जागा अपडेट करा आणि उजळाईवाडीतल्या माणसाला काय दिसतं ते घरी बसून बघा. हे फुकट आहे. लोकल फाल्कनसारखी टूल्स अख्ख्या शहरावर जाळी टाकून प्रत्येक ठिपक्यावर तुमचा नंबर कितवा ते दाखवतात, छान दिसतं, पण पैसे डॉलरमध्ये जातात, दोन-तीन क्लाएंट मिळाल्यावर घ्या. तोपर्यंत शहराचा मॅप प्रिंट करा, दहा-बारा ठिकाणं निवडा, शाहूपुरी, मंगळवार पेठ, कसबा बावडा, फुलेवाडी, रंकाळ्याची बाजू, आणि जिथे पहिल्या तिनात येतात तिथे हिरवा ठिपका, नाही तिथे लाल. मालकासमोर तो कागद ठेवला की वाद संपतो.

पण लाल ठिपके बघून सगळं कोल्हापूर हिरवं करून देतो असं कबूल करून येऊ नका. ३० नोव्हेंबर ते ८ डिसेंबर २०२१ मध्ये गूगलने लोकल सर्चमध्ये मोठा बदल केला होता, या धंद्यातले लोक त्याला ‘व्हिसिनिटी’ म्हणतात, आणि त्यानंतर जवळचं दुकान वर यायचं प्रमाण चांगलंच वाढलं. अंतर तुम्ही ऑडिटने कमी करू शकत नाही. फुलेवाडीत चार चष्म्याची दुकानं असतील तर तिथल्या माणसाला आधी ती दिसणार आणि तेच बरोबर आहे. तुम्ही बघायचं ते दुकानाच्या आजूबाजूचे लाल ठिपके. चालत येण्यासारख्या अंतरावर शाहूपुरीतसुद्धा लाल असेल तर ते तुमचं काम.

आणि हो, राजारामपुरीत गल्ल्यांना नंबर आहेत, पत्त्यात गल्ली नंबर बरोबर आहे का बघा. ‘अमुक बँकेसमोर’ असं लिहून गल्ली गाळलेली प्रोफाइलं सर्रास सापडतात.

*आमच्याकडे निम्मी दुकानं औरंगाबाद लिहितात, निम्मी छत्रपती संभाजीनगर, एकाच दुकानाच्या बोर्डावर एक आणि जस्टडायलवर दुसरं. लोकं सर्च पण दोन्ही करतात. ऑडिटमध्ये याला चूक म्हणायचं का?*
*— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर*

चूक म्हणू नका, नोंद म्हणा. धाराशिव आणि अहिल्यानगरच्या वाचकांना पण हाच प्रश्न पडतो. तुमच्या शहराचं नाव २०२३ मध्ये बदललं, लोकांच्या बोटांची सवय इतक्यात बदलत नाही. प्रोफाइलच्या पत्त्यात आजचं अधिकृत नाव ठेवा. वेबसाइटवर जिथे माहिती लिहिता तिथे एकदा जुनं नाव सहज वाक्यात आलं तर बरंच, लोक शोधतात म्हणून. पण दुकानाच्या नावाच्या रकान्यात दोन्ही शहरांची नावं कोंबू नका.

मला यापेक्षा जास्त काळजी फोन नंबरची वाटते. शहराच्या नावाचा घोळ माणसालाही समजतो आणि गूगललाही बऱ्यापैकी समजत असावा, पण प्रोफाइलवर एक मोबाइल, जस्टडायलवर बंद पडलेला लँडलाइन, फेसबुकवर मुलाचा नंबर आणि इंडियामार्टवर चौथाच, हे कुणालाच समजत नाही. एकाच दुकानाची दोन प्रोफाइलं पण सापडतात, एक जुन्या नावाच्या शहरात, एक नव्या, आणि रिव्ह्यू दोन्हीकडे विभागलेले. ते सापडलं तर मात्र ऑडिटच्या वरच्या ओळीत घ्या.

*एसी रिपेअरवाल्याचं काम घेतलंय. त्याच्या वर जो दिसतो त्याने नावच ‘बेस्ट एसी रिपेअर डोंबिवली ईस्ट २४ तास’ असं ठेवलंय. क्लाएंट म्हणतो आपण पण तसंच करू. करू का?*
*— एक वाचक, डोंबिवली*

करू नका. पण त्याला ‘त्याने काही फायदा होत नाही’ असं सांगू नका, कारण फायदा होतो, क्लाएंटला तो डोळ्याने दिसतोय, म्हणूनच सगळे करतात. कारण वेगळं आहे. गूगलचा नियम सरळ आहे की बोर्डावर, बिलावर जे नाव, तेच प्रोफाइलवर. कुणी तक्रार केली तर नाव कापलं जातं, आणि नशीब वाईट असेल तर प्रोफाइलच सस्पेंड होतं, मग अपील करा, कागद द्या, वाट बघा. एसीवाल्याचं प्रोफाइल एप्रिल-मेमध्ये सस्पेंड झालं तर वर्षाची कमाई गेली की त्याची. हा धोका त्याला आकड्यात सांगा, मेमधल्या एका आठवड्याची कामं किती होतात ते त्यालाच विचारा.

समोरच्याचं काय, तर मॅपवर त्याच्या प्रोफाइलला ‘सजेस्ट ॲन एडिट’ आहे, तिथून खरं नाव सुचवा, बोर्डाचा किंवा गाडीचा फोटो असेल तर जोडा. सरळसरळ फसवणूक असेल, म्हणजे एकाच माणसाची खोट्या पत्त्यांवर पाच प्रोफाइलं वगैरे, तर गूगलचा बिझनेस रिड्रेसल कंप्लेंट फॉर्म आहे. दोन्हीत कधी लगेच होतं, कधी काहीच होत नाही, म्हणून हे काम विकू नका, इतर कामासोबत करून टाका.

तुमच्या क्लाएंटचं दुकान नसेल, घरून काम करत असेल आणि गिऱ्हाईक त्याच्याकडे येत नसेल, तर पत्ता लपवायचा आणि सर्व्हिस एरिया, म्हणजे तो जिथे जाऊन काम करतो ते भाग टाकायचे, २० पर्यंत टाकता येतात. पण कल्याण ते ठाणे सगळं टाकलं म्हणून सगळीकडे दिसणार नाही, हे आधीच सांगून ठेवा. व्हेरिफिकेशन हल्ली बऱ्याचदा व्हिडिओवर होतं, हत्यारं, गॅसचे सिलिंडर, नाव लिहिलेली गाडी, राहतो तो रस्ता हे सगळं सलग एका शूटमध्ये दाखवावं लागतं, गाडीवर नावच नसेल तर आधी स्टिकर लावून घ्या.

आणि डोंबिवलीचं म्हणाल तर तपासताना ईस्ट आणि वेस्ट वेगवेगळे तपासा. मॅपवर पलीकडचा माणूस एक किलोमीटरवर दिसतो, पण रूळ ओलांडून गाडीने तो किती वेळात येतो हे डोंबिवलीकराला माहीत असतं, आणि ‘वेस्टला येत नाही’ असं फोनवर सांगायची वेळ येत असेल तर ते क्लाएंटला आधीच ठरवायला सांगा.

*मालवणात खानावळ आहे, आमचीच. मॅपवर कधी वर दिसते, कधी गायबच. संध्याकाळी तर नाहीच दिसत.*
*— एक वाचक, मालवण*

वेळा बघा आधी. तुम्ही संध्याकाळी सुरू असाल पण प्रोफाइलवर साडेतीनला बंद असं असेल तर गूगल तुम्हाला त्या वेळी मागे टाकतं, जे सुरू आहेत त्यांना पुढे आणतं. हे डिसेंबर २०२३ मध्ये गूगलच्या माणसांनी मान्य पण केलंय. ते ऐकून पुष्कळ लोकांनी ‘२४ तास सुरू’ करून टाकलं, तसलं करू नका, रात्री अकराला पर्यटक दारात येऊन उभा राहिला की एक स्टारचा रिव्ह्यू तयार. गणपतीत चार दिवस बंद ठेवत असाल तर ‘स्पेशल अवर्स’मध्ये त्या तारखा टाका. ऑडिट वगैरे तुम्हाला नको, एवढं करा आणि महिनाभर बघा.

*सांगलीतल्या एका क्लाएंटला ऑडिट आवडलं, पण म्हणतात बाकी राहू दे, मला २०० रिव्ह्यू आणून दे, समोरच्याचे ३४० आहेत. बाजारात विकत मिळतात हे मला पण माहितीय. नाही म्हटलं तर काम जाईल.*
*— एक वाचक, सांगली*

जाऊ दे. विकतचे रिव्ह्यू एका रात्रीत उडतात, वर ‘या व्यवसायाचे खोटे रिव्ह्यू काढले’ अशी पट्टी प्रोफाइलवर लागायची शक्यता, आणि मग तो मालक गावभर सांगणार की तुम्ही लावलंत. रिव्ह्यू दिला तर दहा टक्के सूट, हे पण गूगलच्या नियमात बसत नाही. आधी ‘आवडलं का’ विचारायचं आणि हो म्हणणाऱ्यालाच लिंक द्यायची, हे पण नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये बीआयएसने (सरकारच्या भारतीय मानक ब्युरोने) ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक काढलं, ते ऐच्छिक आहे, पण सरकारचं लक्ष कुठे आहे ते त्यातून कळतं.

२०० चा हट्ट सोडवायचा तर त्यांना समोरच्याचे ३४० रिव्ह्यू तारखेप्रमाणे लावून दाखवा. बऱ्याचदा त्यातले बहुतेक दोन-तीन वर्षांपूर्वीचे निघतात आणि गेल्या दोन महिन्यातले चार-पाच. मग लढाई ३४० शी राहत नाही, आठवड्याला दोन-तीन नव्यांची होते, आणि ते गल्ल्यावरच्या माणसाला जमतं. प्रोफाइलवरून रिव्ह्यूची लिंक आणि क्यूआर कोड मिळतो, तो बिल देतात तिथे लावा, यूपीआयच्या कोडजवळ नको, माणूस गोंधळतो. आणि मागायचं ते काम झाल्याझाल्या, तोंडाने, ‘दादा दोन ओळी मराठीत लिहिल्या तरी चालतील’ असं म्हणून. हे मराठीत म्हटलेलं महत्त्वाचं आहे, पुष्कळ लोक इंग्रजी लिहावं लागेल या भीतीने नुसते स्टार देऊन जातात, आणि ‘गुडघ्याचा पट्टा मापात मिळाला’ असल्या एका ओळीचा जो उपयोग असतो तो नुसत्या पाच स्टारांचा नसतो.

*ऑडिटचे पैसे घ्यावेत का? किती? आणि एक क्लाएंट तयार आहे पण त्याचं प्रोफाइल जुन्या एजन्सीच्या ताब्यात आहे, ते फोन उचलत नाहीत.*
*— एक वाचक, सातारा*

दारात उभं राहून दाखवायच्या तीन गोष्टी फुकट. ठिपक्यांचा मॅप, तीन प्रतिस्पर्ध्यांशी तुलना, सगळ्या साइटवरचे पत्ते-नंबर, असं बसून केलेलं ऑडिट विकत. रक्कम मी सांगणार नाही, साताऱ्यातला मेडिकलवाला आणि पुण्यातला बिल्डर यांना एक भाव लागत नाही, पण एक पद्धत सांगते: क्लाएंटला एका नव्या गिऱ्हाइकामागे काय सुटतं ते विचारा. लॉन्सवाल्याला एका बुकिंगमध्ये तुमची वर्षाची फी निघते, झेरॉक्सवाल्याला कधीच निघणार नाही, आणि झेरॉक्सवाल्याला ‘तुम्हाला माझी गरज नाही’ म्हणून सांगून यायचं. तो दहा जणांना तुमचं नाव सांगतो, असं माझ्या तरी पाहण्यात आहे. जीएसटीचं विचारलंय बऱ्याच जणांनी, आपल्याकडे सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की नोंदणी लागते, त्याआधी बिलावर जीएसटी लावायचा नाही.

‘पहिल्या नंबरला आणतो’ असं कागदावर लिहून देऊ नका. काय करणार ते लिहा आणि काय मोजणार ते लिहा, म्हणजे प्रोफाइलच्या परफॉर्मन्समध्ये दिसणारे फोन, डिरेक्शन आणि वेबसाइटवरचे क्लिक. काम सुरू करायच्या आधी त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, तिथे मागचे साधारण सहा महिनेच दिसतात, नंतर शोधत बसाल. आणि पावसाळ्यातल्या आकड्यांची तुलना लग्नसराईशी करून ‘बघा वाढलं’ म्हणू नका, मालक तुमच्यापेक्षा सीझन ओळखतो.

ताब्याचं असं करा. क्लाएंटच्या स्वतःच्या जीमेलवरून त्या प्रोफाइलचा ॲक्सेस मागा, तुमच्या नाही. जुन्या एजन्सीला मेल जातो, तीन दिवसात त्यांनी उत्तर नाही दिलं तर बऱ्याच वेळा गूगल मालकी सिद्ध करून प्रोफाइल घ्यायचा पर्याय देतं, तिथे बोर्डाचा, दुकानाच्या आतला व्हिडिओ वगैरे लागेल, तयारीत राहा. घाईत नवीन प्रोफाइल उघडू नका, जुन्याचे रिव्ह्यू तिकडेच राहतात आणि एकाची दोन होऊन बसतात. ताबा मिळाला की प्रायमरी ओनर क्लाएंट, तुम्ही फक्त मॅनेजर. त्याचा जीमेल पासवर्ड मागू नका, त्याने आपणहून दिला तरी घेऊ नका, यूझर्समध्ये जाऊन तुमचा मेल त्याच्या हाताने ॲड करून घ्या. काम थांबलं त्या दिवशी तिथून स्वतःचं नाव स्वतः काढा आणि त्याला स्क्रीनशॉट पाठवा.